पान एकच, नंबर हजार: पावती पुस्तकांच्या मांडणीबद्दल वाचकांचे प्रश्न

पावती पुस्तकं, बिलबुकं, कूपनं, प्रवेशिका या सगळ्यांत पान तेच राहतं, नंबर तेवढा बदलतो. या कामाबद्दल आलेल्या पत्रांपैकी अनेकांना भेडसावणारे प्रश्न या वेळी निवडले आहेत. एक गोष्ट सगळ्या उत्तरांत पुन्हा पुन्हा येईल, म्हणून आधीच सांगतो. नंबरांचा क्रम कटिंग आणि बायंडिंगवरून ठरतो. एका कागदावर किती नग बसतात, पुस्तक किती पानांचं आणि प्रत्येक पावतीच्या प्रती किती, हे तीन आकडे लिहून घेतल्याशिवाय संगणकावर कामाला हात घालू नका.

प्रश्न: गणेश मंडळाच्या वर्गणीच्या १००० पावत्या करायच्या होत्या, ५० पानांची २० पुस्तकं. ए४ कागदावर चार पावत्या बसवल्या आणि इनडिझाइनच्या डेटा मर्जनं नंबर टाकले. कागद कापल्यावर पहिल्या गड्डीत १, ५, ९, १३ असे नंबर आले. सगळ्या पावत्या हातानं क्रमानं लावाव्या लागल्या. काय चुकलं? — इचलकरंजी

उत्तर: डेटा मर्ज म्हणजे यादीतले आकडे मांडणीत आपोआप भरणारी सोय. तिनं सांगितलं तसंच केलं. एका पानावर अनेक रेकॉर्ड (यादीतल्या ओळी) मांडायला सांगितलं की ती पहिल्या कागदावर १ ते ४, दुसऱ्यावर ५ ते ८ असे नंबर भरत जाते. पडद्यावर हा क्रम बरोबर दिसतो. पण कटिंग मशीन सगळे कागद एकावर एक ठेवून एकदम कापतं, त्यामुळे डावीकडच्या वरच्या जागेच्या सगळ्या पावत्या एका गड्डीत जातात. म्हणून नंबर कागदावर आडवे न पळवता गठ्ठ्यात खाली उतरवावे लागतात.

तुमच्या कामात ५० कागदांची एक खेप धरा. पहिल्या खेपेत पहिल्या जागेवर १ ते ५०, दुसऱ्या जागेवर ५१ ते १००, तिसऱ्यावर १०१ ते १५० आणि चौथ्यावर १५१ ते २००. खेप कापली की चार गड्ड्या म्हणजे चार तयार पुस्तकं. दुसरी खेप २०१ पासून. अशा पाच खेपा, २५० कागद, १००० पावत्या, आणि एकही जागा वाया नाही.

एक्सेलमध्ये याची यादी करायला पाच मिनिटं पुरतात. पहिल्या ओळीत चार रकान्यांना ए, बी, सी, डी अशी इंग्रजी अक्षरांची शीर्षकं द्या. पहिल्या रकान्यात दुसऱ्या ओळीपासून १ ते ५० भरा. ते ५१व्या ओळीपर्यंत येतील. ५२व्या ओळीत सूत्र लिहा: याच रकान्याची दुसरी ओळ अधिक २००. हे सूत्र २५१व्या ओळीपर्यंत खाली ओढा. मग दुसरा रकाना म्हणजे पहिला अधिक ५०, तिसरा म्हणजे पहिला अधिक १००, चौथा म्हणजे पहिला अधिक १५०. २५१व्या ओळीत शेवटच्या रकान्यात १००० आलं तर यादी बरोबर. नाही आलं, तर पुढे जाऊ नका.

चार अंकी नंबर हवे असतील तर चारही रकाने निवडून फॉरमॅट सेल्समध्ये कस्टम घ्या आणि चार शून्यं टाइप करा. मग फाइल 'टेक्स्ट, टॅब डिलिमिटेड' प्रकारात साठवा. तुम्हाला दिसतं तेच त्या फाइलमध्ये उतरतं, शून्यांसकट. मात्र ती टेक्स्ट फाइल तपासायला पुन्हा एक्सेलमध्ये उघडलीत तर एक्सेल ०००१ ला नुसता आकडा समजतं आणि पुढची शून्यं उडवतं. वर ती तशीच साठवली, तर शून्यं कायमची गेली. तपासणी नेहमी नोटपॅडमध्ये करा.

इनडिझाइनमध्ये एकच पान असलेली ए४ ची फाइल घ्या आणि चारही पावत्या त्यावर स्वतंत्र मांडा. विंडो, युटिलिटीज, डेटा मर्ज असं पॅनल उघडा, त्याच्या मेनूतून 'सिलेक्ट डेटा सोर्स' घेऊन फाइल जोडा. पहिल्या पावतीच्या नंबराच्या जागी कर्सर ठेवून ए, दुसऱ्याच्या जागी बी, याप्रमाणे चारही फील्ड (त्या त्या रकान्यातला आकडा जिथे पडेल ती खूण) टाका. प्रिव्ह्यू लावून पहिला आणि शेवटचा रेकॉर्ड बघा. शेवटी 'क्रिएट मर्ज्ड डॉक्युमेंट' घेऊन 'सिंगल रेकॉर्ड' निवडा. इथे 'मल्टिपल रेकॉर्ड' निवडलं तर पुन्हा मूळचाच घोळ होईल, कारण आता एक रेकॉर्ड म्हणजे एक अख्खा कागद आहे. २५० पानांची जड फाइल नको असेल तर त्याच मेनूतून थेट पीडीएफही काढता येते.

यादी नंतर बदललीत तर पॅनलच्या मेनूतलं 'अपडेट डेटा सोर्स' दाबावं लागतं. तसं न करता मर्ज केलं तर जुनेच नंबर छापले जातील, आणि पानं बघून ते कळणारही नाही.

मांडणीतल्या दोन गोष्टी. चारही पावत्यांची शिलाईची बाजू एकाच दिशेला ठेवा. जागा वाचवायला एखादी पावती उलटी फिरवली तर गड्डी कापल्यावर फिरवून घ्यावी लागते, आणि गर्दीच्या दिवसांत हमखास एखादी तशीच बांधली जाते. शिलाईच्या बाजूला १२ ते १५ मिलिमीटर मोकळे सोडा. नंबर कापाच्या रेषेपासून निदान १० मिलिमीटर आत असू द्या, कारण गठ्ठ्यातले खालचे कागद कापताना थोडे सरकतात.

छापताना प्रत्येक खेप वेगळी पाठवा: पानं १ ते ५०, मग ५१ ते १००. दोन खेपांच्या मध्ये एक रंगीत कागद ठेवला की बायंडरला मोजत बसावं लागत नाही. पीडीएफ छापताना 'फिट' न घेता 'ॲक्च्युअल साइज' घ्या. 'फिट' घेतलं की पान थोडं लहान होतं आणि कापाच्या खुणा चुकतात. प्रिंटरमधून कागद छापील बाजू वर करून बाहेर येत असतील तर शेवटचं पान गठ्ठ्याच्या वर येतं. तिथे छपाई उलट क्रमानं लावा. बाजू खाली करून येत असतील तर सरळ क्रम ठीक.

एखादा कागद अडकून फाटला, तर त्या एका कागदाबरोबर चार पुस्तकांतली एकेक पावती जाते. तिसऱ्या खेपेतला ३७वा कागद गेला म्हणजे ४३७, ४८७, ५३७ आणि ५८७ गेले. तो कागद पुन्हा छापून त्याच जागी ठेवा आणि मगच कापा. कापल्यावर शोधायला गेलात तर चार गड्ड्या उलगडाव्या लागतील.

प्रश्न: पावत्या ७५० आहेत आणि कागदावर चार बसतात. भागाकार पूर्ण जात नाही. उरलेल्या जागांचं काय करायचं? — बार्शी

उत्तर: ५० पानांची पुस्तकं असतील तर पंधरा पुस्तकं होतात. तीन पूर्ण खेपा म्हणजे बारा पुस्तकं, आणि चौथ्या खेपेत तीनच. चौथ्या खेपेतली चौथी जागा यादीत रिकामी ठेवा. त्या जागी नंबर न पडलेली पावती छापून येईल. ती गड्डी कापल्यावर लगेच बाजूला काढून नष्ट करा. बिननंबरी कोऱ्या पावत्या मंडळाच्या कपाटात पडून राहणं हिशेबाच्या दृष्टीनं घातक आहे. ग्राहक तयार असेल तर ७५१ ते ८०० हे पुस्तकही छापून द्या. कागदाचा खर्च तोच राहतो.

प्रश्न: कोरलड्रॉमध्ये कूपनं करतो. डावीकडे स्थळप्रत, मध्ये परफोरेशन, उजवीकडे कूपन. नंबर दोन्हीकडे एकच हवा. सध्या दोनदा टाइप करतो. आपोआप होईल का? — लातूर

उत्तर: होईल. फाइल मेनूत प्रिंट मर्ज आहे, त्यात 'क्रिएट / लोड मर्ज फील्ड्स' घ्या. नवं फील्ड तयार करताना टेक्स्ट फील्ड न घेता न्यूमरिक फील्ड घ्या. त्यात अंकांचा साचा (किती अंकी, पुढे शून्यं हवीत की नकोत), सुरुवातीचा नंबर आणि शेवटचा नंबर विचारला जातो, आणि नंबर आपोआप वाढवण्याची खूण असते. साचा निवडला नाही तर ९ पर्यंत एक अंक, पुढे दोन, मग तीन असं होऊन नंबर जागेवर डुलत राहतो. फील्ड तयार झालं की 'इन्सर्ट' करून एकदा स्थळप्रतीवर आणि तेच फील्ड पुन्हा कूपनावर ठेवा. एका रेकॉर्डमध्ये एका फील्डची किंमत एकच असते, त्यामुळे दोन्हीकडे नंबर जुळणारच. दोन वेगळी फील्ड करू नका.

एका कागदावर चार कूपनं असतील तर चार न्यूमरिक फील्ड लागतील, प्रत्येकाची सुरुवात वेगळी. १००० कूपनं एकाच गठ्ठ्यात कापायची असतील तर १, २५१, ५०१, ७५१. वरच्या उत्तरातल्यासारख्या ५०-५० च्या खेपा हव्या असतील तर यादी एक्सेलमध्ये करून ती टेक्स्ट फाइल म्हणून आत घ्या. सरळ वाढणाऱ्या फील्डला खेपेच्या शेवटी उडी मारता येत नाही.

नेहमी होणारे तीन घोटाळे सांगतो. पहिला: नेहमीच्या प्रिंटच्या आज्ञेनं छापलं तर नंबराच्या जागी फील्डचं नाव कंसासकट छापून येतं. छपाई प्रिंट मर्जमधूनच करायची, किंवा आधी 'मर्ज टू न्यू डॉक्युमेंट' करून मग. दुसरा: फाइल प्रेसला द्यायची म्हणून मर्जच्या आधीच सगळं कर्व्हमध्ये बदललं, की फील्ड मेलं, त्याचं नुसतं चित्र उरतं. कर्व्ह मर्ज झाल्यावरच करा. तिसरा: फील्डच्या नावातल्या एकाच अक्षराला वेगळा फॉण्ट किंवा आकार लागलेला असतो. फॉण्ट देताना कंसासकट पूर्ण फील्ड निवडा.

परफोरेशनच्या रेषेपासून दोन्ही नंबर निदान ८ मिलिमीटर लांब ठेवा. फाडताना कागद रेषेवर नेमका फाटेलच असं नाही, आणि अर्धा फाटलेला नंबर सोडतीत वाचता आला नाही तर वाद होतात.

प्रश्न: नंबर मराठी अंकांत हवे आहेत. एक्सेलमध्ये मराठी अंक दिसतात, पण इनडिझाइनमध्ये कधी प्रश्नचिन्हं येतात, कधी चौकोन. — रत्नागिरी

उत्तर: ही दोन वेगवेगळी दुखणी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत.

प्रश्नचिन्हं आली म्हणजे मराठी अंक फाइल साठवतानाच नष्ट झाले. साध्या टेक्स्ट किंवा साध्या सीएसव्ही प्रकारात देवनागरीला जागा नसते. एक्सेल प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवतं. अशी फाइल दुरुस्त होत नाही. मूळ एक्सेलवर परत जा आणि 'युनिकोड टेक्स्ट' प्रकारात साठवा. ही फाइल टॅबनं विभागलेली आणि यूटीएफ-१६ या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत असते. इनडिझाइनमध्ये ती जोडताना 'शो इम्पोर्ट ऑप्शन्स' ची खूण लावून एन्कोडिंग युनिकोड आहे याची खात्री करा.

चौकोन आले म्हणजे अंक फाइलमध्ये शाबूत आहेत, पण निवडलेल्या फॉण्टमध्ये ते नाहीत. इंग्रजी फॉण्ट लागलेला असेल. युनिकोडचा देवनागरी फॉण्ट लावा, काम झालं. तिसरंही एक लक्षण दिसतं: एका अंकाच्या जागी टोप्या आणि मात्रा लागलेली दोन-तीन परदेशी अक्षरं. तिथे फाइल यूटीएफ-८ मध्ये आहे आणि सॉफ्टवेअर ती जुन्या पद्धतीनं वाचतंय. नोटपॅडमध्ये उघडून 'सेव्ह ॲज' मध्ये यूटीएफ-१६ एलई निवडा.

अंक मराठी करायची सर्वांत सोपी आणि खात्रीची रीत नोटपॅडचीच आहे. एक्सेलमध्ये सगळी यादी इंग्रजी अंकांत करा. सूत्रं, बेरजा, तपासणी सगळं तिथेच उरका. मग शीर्षकासकट रकाने नोटपॅडमध्ये चिकटवा आणि रिप्लेसनं इंग्रजी शून्याच्या जागी ०, एकाच्या जागी १, असे दहा बदल करून यूटीएफ-१६ मध्ये साठवा. मात्र त्याच फाइलमध्ये तारीख किंवा फोन नंबर असतील तर तेही बदलतील, हे लक्षात असू द्या. शीर्षकांत अंक वापरले असतील तर तेही बदलतात, आणि मग आधी मांडलेली फील्ड सापडत नाहीत. म्हणूनच वर शीर्षकांना नुसती अक्षरं द्यायला सांगितलं.

नुसत्या अंकांना जोडाक्षरांची अडचण नसते, त्यामुळे ते इनडिझाइनच्या कुठल्याही कंपोझरमध्ये (अक्षरं-ओळी जुळवणाऱ्या व्यवस्थेत) नीट दिसतात. 'पावती क्र.' हे शब्द मात्र नीट जुळून यायला परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर लावावा लागतो. नंबर नीट आणि 'क्र' तुटलेला दिसत असेल तर कारण हेच.

प्रश्न: आमच्याकडे अजून पेजमेकर चालतं, जुन्या मराठी फॉण्टसह. पानाचा आपोआप नंबर टाकला की काही फॉण्टमध्ये मराठी अंक येतो, काहींमध्ये इंग्रजी. असं का? — परभणी

उत्तर: पेजमेकरला युनिकोड कळत नाही. मास्टर पानावर (ज्यावरचा मजकूर सगळ्या पानांवर उमटतो) कंट्रोल, आल्ट आणि पी दाबून टाकलेली खूण छापताना इंग्रजी अंकाचाच संकेत देते. त्या संकेताच्या जागी फॉण्ट बनवणाऱ्यानं १ चं चित्र ठेवलं असेल तर मराठी अंक दिसतो. कृतीदेव ०१० सारख्या फॉण्टमध्ये त्या जागी इंग्रजी अंकच आहेत, मराठी अंक दुसऱ्याच संकेतांवर बसवलेले आहेत. आपोआप पडणाऱ्या नंबराला तिथवर पोचता येत नाही. उपाय एवढाच: ज्या फॉण्टमध्ये अंकांच्या कळा दाबल्यावर मराठी अंक उमटतात तो शोधा आणि फक्त त्या खुणेला लावा. बाकी मजकूर तुमच्या नेहमीच्या फॉण्टमध्ये राहू द्या. एका फाइलमध्ये ९९९ पानांची मर्यादा आहे, हेही ध्यानात ठेवा.

प्रश्न: यादी वगैरे न करता, नुसत्या पान क्रमांकाच्या सोयीनं नंबर टाकता येणार नाहीत का? शाळेसाठी ए४ आकाराच्या ६०० उत्तरपत्रिकांच्या पहिल्या पानावर नंबर हवे आहेत. — नाशिक

उत्तर: एका कागदावर एकच नग असेल तर हीच रीत सर्वांत सुटसुटीत. इनडिझाइनमध्ये फेसिंग पेजेस बंद करून फाइल करा. पूर्ण मांडणी पेरंट पानावर (जुन्या आवृत्तीत मास्टर पान) ठेवा. नंबराच्या जागी कंट्रोल, आल्ट, शिफ्ट आणि एन दाबून चालू पानाची खूण टाका. तिथे तुम्हाला ए असं अक्षर दिसेल, ते बरोबर आहे. मग पानं ६०० पर्यंत वाढवा. लेआउट मेनूतल्या 'नंबरिंग अँड सेक्शन ऑप्शन्स' मध्ये सुरुवातीचा नंबर द्या आणि पुढे शून्यं असलेला प्रकार निवडा. पुढच्या वर्षी ६०१ पासून हवे असतील तर तेवढा एक आकडा बदलायचा. एका इनडिझाइन फाइलमध्ये ९९९९ पानं मावतात.

या खुणेचा उपयोग एका कागदावर चार नगांसाठी करू नका. ॲक्रोबॅटच्या 'मल्टिपल' छपाईनं चार पानं एका कागदावर येतील, पण १, २, ३, ४ अशी आडवी, म्हणजे इचलकरंजीच्या वाचकांची अडचण पुन्हा उभी राहील. इम्पोझिशनच्या, म्हणजे कागदावर पानं मांडून देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'कट अँड स्टॅक' (नंबर गठ्ठ्यात खाली उतरवण्याची सोय) असेल तरच तो मार्ग धरा.

क्रमांकित परिच्छेदांचा आणखी एक मार्ग सुचवला जातो: 'डिफाइन लिस्ट्स' मध्ये यादी करून 'कंटिन्यू नंबर्स ॲक्रॉस स्टोरीज' ला खूण लावायची आणि प्रत्येक चौकटीत त्या स्टाइलचा परिच्छेद ठेवायचा. परिच्छेदात एक तरी अक्षर किंवा जागा असल्याशिवाय नंबर दिसत नाही, यावर अनेकजण अडतात. पावत्यांसाठी आम्ही हा मार्ग टाळायला सांगू. मधली एक चौकट चुकून पुसली गेली की पुढचे सगळे नंबर एकानं मागे सरकतात आणि काहीही सूचना मिळत नाही. यादीच्या फाइलमध्ये प्रत्येक नंबर लिहिलेला असतो, तो असा हलत नाही.

प्रश्न: तीन प्रतींचं जीएसटी बिलबुक कार्बनलेस कागदावर लेसर प्रिंटरनं करायचं आहे. तिन्ही प्रतींवर एकच नंबर कसा आणायचा? — मडगाव

उत्तर: आधी कागद. वरच्या प्रतीला पाठीमागून लेप (सीबी), मधल्या प्रतीला दोन्ही बाजूंनी (सीएफबी) आणि खालच्या प्रतीला फक्त पुढून (सीएफ). हा क्रम बदलला तर खाली काहीच उमटत नाही. पांढरा, गुलाबी, पिवळा असे लावलेले गठ्ठे तयार मिळतात, सरळ आणि उलट अशा दोन्ही क्रमांत. तुमच्या प्रिंटरमधून कागद कोणत्या बाजूनं आणि कोणत्या क्रमानं बाहेर पडतो हे सहा कोऱ्या कागदांवर पेन्सिलीनं खुणा करून पाहा, मग गठ्ठा निवडा. दमट हवेत हे कागद पटकन ओलावा धरतात आणि अडकतात. पुडकं लागेल तेव्हाच फोडा.

नंबराची सोपी युक्ती अशी: प्रत्येक बिलाचं एकच पान करा, छपाईत तीन प्रती सांगा आणि कोलेट बंद ठेवा. १, १, १, २, २, २ असे कागद येतील आणि ट्रेमधले रंग त्याच क्रमानं लागतील. कोलेट चालू राहिलं तर १, २, ३ असे नंबर पांढऱ्या, गुलाबी, पिवळ्या कागदावर पडतील आणि पूर्ण गठ्ठा वाया जाईल. या युक्तीत प्रत्येक प्रतीवरचा मजकूर मात्र वेगळा करता येत नाही. मालाच्या बिलाची पहिली प्रत खरेदीदाराची, दुसरी वाहतूकदाराची, तिसरी विक्रेत्याची, आणि तसं त्या त्या प्रतीवर लिहिलेलं असावं लागतं. त्यासाठी यादीत दोन रकाने करा, एक नंबराचा आणि एक प्रतीच्या नावाचा. प्रत्येक नंबर तीन ओळींत, प्रत्येक ओळीत वेगळं नाव. मग प्रती एकच सांगा. कागद अडकला तर मात्र थांबा: एका कागदाचा क्रम चुकला की पुढच्या सगळ्या प्रतींचे रंग सरकतात. ५०-५० बिलांच्या खेपांत छापा म्हणजे नुकसान खेपेपुरतंच राहील.

बिल क्रमांकाबद्दल जीएसटीचा नियम ध्यानात घेऊन मांडणी करा. क्रमांक सलग हवा, आर्थिक वर्षात पुन्हा येता कामा नये आणि १६ चिन्हांपेक्षा लांब नको. अक्षरं, अंक, आडवी रेघ आणि तिरकी रेघ एवढंच चालतं. तीन अक्षरं, तिरकी रेघ, २५-२६, तिरकी रेघ आणि पाच अंक, असे १५ होतात. दुकानाचं लांबलचक नाव पुढे जोडलं की मर्यादा सहज ओलांडली जाते. बिलांवर अंक इंग्रजीच ठेवा. ते पुढे विवरणपत्रात भरायचे असतात. नंबराच्या पुढचा न बदलणारा भाग यादीत घालू नका, मांडणीत टाइप करा. एक्सेलमध्ये २५-२६ सारखं काही टाकलं तर ते कधी तारीख समजतं, कधी नाही. ती जोखीम कशाला घ्यायची?

प्रश्न: २०,००० पावत्यांची नंबर टाकलेली पीडीएफ ऑफसेट प्रेसला दिली, तर त्यांनी 'नंबर काढून द्या' म्हणून परत पाठवली. का? — धुळे

उत्तर: ऑफसेटची प्लेट एकदा बनली की तिच्यावरून प्रत्येक कागद सारखाच छापला जातो. बदलता नंबर प्लेटवर घेता येत नाही. एवढ्या संख्येला दोन मार्ग आहेत. एक, नंबर सोडून सगळं ऑफसेटवर छापायचं आणि नंबर नंबरिंग मशीननं मारायचे. मग तुमच्या फाइलमध्ये नंबराच्या जागी कोरी जागा हवी, साधारण ३० बाय १० मिलिमीटर, आणि त्याखाली रंगाचा पट्टा नको. कागदावर चार पावत्या असतील तर चार नंबरिंग बॉक्स लागतात, म्हणून चारही जागा एकमेकींपासून किती अंतरावर आहेत ते प्रेसला विचारूनच ठरवा. बॉक्स एकमेकांना लागून बसवता येत नाहीत.

दुसरा मार्ग, ऑफसेटवर छापलेले कागद लेसर प्रिंटरमधून काढून फक्त नंबर छापायचे. वरच्याच पद्धतीनं यादी करा, आणि मांडणीतला बाकी मजकूर वेगळ्या लेयरवर ठेवून छपाईच्या वेळी तो लेयर बंद करा. लेसरमध्ये कागद एखाद-दोन मिलिमीटर इकडेतिकडे होतो, म्हणून नंबराभोवती घट्ट चौकट काढू नका. ऑफसेटची शाई पूर्ण वाळलेली हवी. ओली शाई लेसरच्या गरम रोलरला चिकटते, मग पुढच्या प्रत्येक कागदावर तिचे डाग पडतात आणि दुरुस्तीचा खर्च सगळ्या पावत्यांच्या किमतीवर जातो.

प्रश्न: ट्रेडलवरचं (लेटरप्रेसच्या छोट्या यंत्रावरचं) नंबरिंग उलटं, म्हणजे मोठ्या नंबराकडून लहानाकडे का चालवतात? — सावंतवाडी

उत्तर: छापलेला कागद छापील बाजू वर करून गठ्ठ्यावर पडतो, म्हणून शेवटी छापलेला कागद सर्वांत वर असतो. ५० पासून सुरू करून १ वर संपवलं की १ वर येतो आणि गड्डी तशीच बांधायला जाते. सरळ आणि उलट चालणारे बॉक्स वेगवेगळे असतात, विकत घेताना सांगावं लागतं. सुरुवातीचा आकडा लावताना अजून एक पथ्य पाळा: पहिल्या काही दाबांत शाई नीट येत नाही, म्हणून आधी रद्दीवर छापा आणि मग चाकं हातानं नेमक्या आकड्यावर आणा. रद्दीवर पडलेले आकडे तसेच सोडून पुढे गेलात तर पहिल्याच पुस्तकात नंबर गहाळ होतात.

प्रश्न: पैसे न मोजता हे सगळं करणारं सॉफ्टवेअर आहे का? — पुणे

उत्तर: स्क्रायबस. १.५.३ पासून त्यात मराठी जोडाक्षरं नीट जुळतात, त्यामुळे त्याआधीची आवृत्ती घेऊ नका. एका कागदावर एक नग असेल तर मास्टर पानावर इन्सर्ट, कॅरेक्टर, पेज नंबर अशी खूण टाका आणि डॉक्युमेंट सेटअपच्या सेक्शन्समध्ये सुरुवातीचा नंबर द्या. तिथेच फील्ड विड्थ ४ आणि भरायचं चिन्ह ० दिलं की ०००१ मिळतो. यादीवरून नंबर टाकण्याची सोय मूळ स्क्रायबसमध्ये नाही. त्यासाठी स्क्रायबस जनरेटर ही मोफत स्क्रिप्ट वेगळी घ्यावी लागते. ती सीएसव्ही फाइल वाचते आणि ती फाइल यूटीएफ-८ मध्ये हवी, इनडिझाइनसारखी यूटीएफ-१६ मध्ये नको. सगळी पानं एकाच फाइलमध्ये काढण्याचा पर्याय निवडा, नाहीतर प्रत्येक रेकॉर्डची वेगळी फाइल तयार होईल.

प्रश्न: पुस्तकं बांधण्याआधी नंबर तपासायची खात्रीची रीत कोणती? एक नंबर दोनदा छापला गेल्यानं आमच्या पतसंस्थेच्या हिशेबतपासणीत फार त्रास झाला. — सोलापूर

उत्तर: तपासणी दोनदा करा, यादीची आणि कागदाची. यादीत सगळे रकाने निवडून कंडिशनल फॉरमॅटिंगमधलं 'ड्युप्लिकेट व्हॅल्यूज' लावा. एकही घर रंगता कामा नये. मग काउंटनं एकूण नंबर मोजा आणि सर्वांत मोठ्यातून सर्वांत लहान वजा करून एक मिळवा. दोन्ही आकडे सारखे आले आणि एकही नंबर दोनदा नसला तर यादीत काही गळलेलं नाही.

कागदावर प्रत्येक गड्डीचा पहिला आणि शेवटचा नंबर बघा, आणि गड्डी मोजा. पहिला ५१, शेवटचा १०० आणि पावत्या ४९, तर एक गळाली. पावत्या ५१, तर एक दोनदा आली. हे दुसरं बहुतेक वेळा अडकलेल्या कागदामुळे होतं: प्रिंटर तो कागद आपणहून पुन्हा छापतो, आणि ऑपरेटर अडकलेला कागद सरळ करून गठ्ठ्यात ठेवतो. अडकलेला कागद बाहेर काढला की त्याच क्षणी त्यावर काट मारा. पहिला आणि शेवटचा नंबर पुस्तकाच्या वेष्टनावर लिहा आणि ग्राहकाकडून त्या यादीवर सही घ्या.